न घेतलेली शाल

मी निवृत्त झाले, हे मला राहात्याच्या स्टँडवरच्या फ्लेक्सवरून कळलं.

पुण्याहून एसटीनं आले होते. पाठीवर सॅक, डाव्या गुडघ्याला पट्टा. उतरून समोर बघते तर मीच! ‘आपल्या गावची कन्या, आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, हिच्या निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, हगाम्याच्या मैदानावर.’ हगामा म्हणजे आमच्याकडच्या यात्रेतल्या कुस्त्या. डावीकडे माझा फोटो, एवढासा. उजवीकडे माझे थोरले चुलते, कडक पांढऱ्या कपड्यात, हात जोडून, माझ्या चौपट. खाली कोपऱ्यात बॉल काढलेला, तोही व्हॉलीबॉलचा. मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, “अगं बाई, मला कुणी विचारलं तरी का?” शेजारी पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईनं फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “तूच व्हय ती? फोटोत गोरी दिसतीस.”

मी डिफेंडर आहे. ‘होते’ नाही, आहे. बॅकला खेळते. आमच्या कामाचं कौतुक कोण करतंय? गोल करणारी हात पसरून पळते आणि बाकीच्या तिच्या अंगावर जाऊन पडतात. मी गोल वाचवला तर आमचीच गोलकीपर मला शिव्या घालते, की आधी का नाही आलीस. तेही कितीतरी भाषांत. नेपाळीत शिव्या खाल्ल्यात, मालदीवच्या धिवेहीत खाल्ल्यात, उझबेकीत खाल्ल्यात. शेवटी ग्रीकमध्ये खायला लागले तेव्हा वाटलं, आता आपण खरे डिफेंडर झालो.

हे सगळं सुरू झालं कबड्डीतून. आमच्या गावात पोरींना फुटबॉल कुठला? कबड्डी होती. मी डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे. चढाई करणारी आत आली की तिचा घोटा धरायचा आणि मेले तरी सोडायचा नाही, एवढंच माझं काम. मला ते शिकवलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. पेरूच्या बागेत दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत ते माझ्यावर चढाई करायचे. लुंगी खोचून, अगदी चढ्या आवाजात ‘कबड्डी कबड्डी’ करत यायचे. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं की फसायचेच. मग ते म्हणायचे, “डोळं फसवत्यात. खांदं फसवत्यात. कंबर फसवत न्हाई. कंबरंकडं बघ.” पुढं जगभरच्या कोचांनी मला हेच शिकवलं, फक्त फळ्यावर बाण काढून.

कॉलेजला नगरला गेले. तिथं पोरी फुटबॉल खेळायच्या. होस्टेलवरची एक मैत्रीण म्हणाली, आज एक पोरगी कमी आहे, तू नुसती उभी राहा. मी उभी राहिले. समोरची बॉल घेऊन आली, मी तिच्या कंबरेकडं बघितलं आणि बॉल काढून घेतला. ती परत आली, मी परत काढून घेतला. तिसऱ्यांदा ती रडायला लागली. मैदानाच्या कडेला उभे असलेले सर म्हणाले, “उद्या सकाळी बूट घालून ये.” बूट नव्हते. मैत्रिणीचे घालून गेले. ते मला मोठे व्हायचे, म्हणून पुढं कापूस कोंबला होता.

नगरहून गोव्याला, गोव्याहून काठमांडूला. परदेशातला पहिला सामना तिथल्या क्लबकडून खेळले. तो सामना मी जन्मात विसरणार नाही, आणि त्या रेफरी बाई तर अजिबातच विसरणार नाहीत. झालं असं, की समोरच्या टीमची फॉरवर्ड माझ्या बाजूनं निसटली. समोर फक्त गोलकीपर. मी मागून धावले, पोचत नव्हते. आणि मग माझ्या डोक्यानं काहीच विचारलं नाही. अंग आपोआप खाली गेलं, दोन्ही हात पुढं गेले आणि मी तिचा घोटा पकडला. नुसता पकडला नाही, कबड्डीत पकडतात तसा, दोन्ही हातांची कडी करून, छातीशी ओढून. ती तोंडावर आपटली. मी सोडेना! ती लाथा झाडतेय, मी सोडेना. सगळं स्टेडियम उभं राहिलं. रेफरी बाई शिट्टी फुंकायचं विसरून नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी लाल कार्ड काढलं, तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. मला मात्र बाहेर जाताना एकच वाटत होतं, की पकड एकदम चोख बसली होती. संध्याकाळी घरी फोन केला आणि सगळं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सुटली न्हाई ना?” मी म्हणाले, “नाही.” म्हणाले, “मग झालं तर.”

तिथून पुढं मालदीव, मग उझबेकिस्तान, मग सायप्रस. लोकांना वाटतं परदेश म्हणजे मज्जा. मालदीवला मैदानाच्या चारी बाजूंना समुद्र आणि आम्ही खेळायचो ते प्लॅस्टिकच्या गवतावर, पाय भाजायचे. उझबेकिस्तानात थंडीत नाकातलं पाणी ओठावर गोठायचं. तिथं कोचनं पहिल्या दिवशी दुभाष्यामार्फत विचारलं, भारतात बायका फुटबॉल खेळतात का? मी म्हणाले, त्यांना सांगा, उद्या सरावात बघा. दुसऱ्या दिवशी त्यांची नॅशनल टीमची फॉरवर्ड माझ्या बाजूनं एकदाही पुढं गेली नाही. त्यानंतर कोच दुभाष्यामार्फत बोलायचा बंद झाला, थेट माझ्यावर ओरडायला लागला. मला बरं वाटलं. ओरडतात म्हणजे मोजतात.

गुडघा गेला सायप्रसमध्ये. कुणी पाडलं नाही, काही नाही. वळले, बूट गवतात अडकला आणि आतून आवाज आला. लिगामेंट तुटलं होतं. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नीट व्यायाम केलास तर खेळशील. मी नीट केला. अहो, नीट म्हणजे कसा, रडत केला, शिव्या देत केला, पण केला. पायरी चढायला शिकले, मग उतरायला शिकले. उतरणं जास्त अवघड असतं. मग पळायला लागले. सायप्रसच्या कोच बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ये, आमचा डॉक्टर गुडघा तपासेल, टिकला तर एका सीझनचा करार. नाही टिकला तर तिकीट काढून परत पाठवीन, जेवून जा म्हणणार नाही. मला अशी बाई आवडते. मी म्हणाले, येते.

हे सगळं घरी माहीत होतं. मी फोनवर सांगितलं होतं. पण आमच्या घरी फोन कुणाच्याही हातात असला तरी ऐकतात तात्या. तात्या म्हणजे फ्लेक्सवरचे ते थोरले चुलते. घरातले सगळे त्यांना तात्याच म्हणतात, अण्णासुद्धा. सोसायटी त्यांची, यात्रा कमिटी त्यांची, घरात कुणाच्या लग्नाची तारीख काढायची तरी त्यांना विचारून. माणूस वाईट नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी पुण्याला चार दिवस व्हरांड्यात बसून होते. पण त्यांच्या कानावर ‘ऑपरेशन’ एवढाच शब्द गेला, पुढचा ‘खेळणार’ गेलाच नाही. आमच्याकडं गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे संपलं. त्यानंतर माणूस फक्त पाटावर बसायचं सोडतो आणि लग्नात खुर्ची मागतो.

घरी पोचल्या पोचल्या मी विचारलं, “तात्या, मी कधी निवृत्त झाले?”

“झालीस न्हाई तर व्हशील,” ते म्हणाले. “बत्तीस वय झालं. शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांशी बोललोय. हायस्कूलला खेळाची बाई म्हणून घेत्यात. स्टेजवरच जाहीर करणार हायेत. येत्या सोमवारी हजर व्हायचं.”

येत्या सोमवारी मला विमानात बसायचं होतं. मी ते सांगितलं. ते म्हणाले, विमान काय, रोज उडतंय. मी म्हणाले, शाळा पण रोज भरते. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले की ते चष्मा पुसतात.

“तुझ्या बापाकडं बघ,” ते म्हणाले. “कबड्डीला जिल्ह्यात नाव हुतं. गुडघा गेला, म्या म्हनलं बास. गप ऐकलं, बागंत लक्ष घातलं. आज कोन त्याला नावं ठेवतंय का? शहान्यासारखा थांबला. मोडून पडूस्तवर खेळायचं नसतं.”

अण्णा दारात बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते अंगणात बघत होते. ही गोष्ट मला माहीत होती. कुठल्याशा हगाम्यात, मी जन्मायच्या आधी, तात्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली होती आणि त्यानंतर अण्णा खेळले नाहीत. ती शाल अजून कपाटात आहे. आई थंडीत पांघरते. पण अण्णांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. मला वाटायचं, काढण्यासारखं काही नसेल.

मला खेळाची बाई होण्यात कमीपणा वाटत नाही, हे आधीच सांगते. मला घडवलं तेही खेळाच्या मास्तरांनीच. एक दिवस मीही होईन आणि पोरींना असं पळवीन की आया तक्रार घेऊन येतील. पण तो दिवस मी ठरवणार. मला आत्ता खेळायचं होतं. माझा गुडघा तयार होता, मला तो माहीत होता, मी त्याला रोज दिवसभर शिव्या देऊन तयार केला होता. तो कुणी तिसऱ्यानंच उचलून कपाटात ठेवायचा? हाड्!

सत्काराला जायचंच नाही, असं आधी मनात आलं. आई भाकरी थापत होती, मी चुलीसमोर बडबडत होते. ती म्हणाली, “न्हाई गेलीस तर तुझ्या माघारी जाहीर करत्याल. मग बस सांगत एकेकाला. बोलायचं असंल तर माईकवर बोल, मला काय सांगतीस?” आईचं हे असंच आहे. तिनं मला खेळायला जा असं कधी म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही कधी म्हटलं नाही. पण बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरायला ती कधीच विसरली नाही.

यात्रेचा दुसरा दिवस. ऊन तापलेलं. कुस्त्यांसाठी माती खणून मऊ केली होती, तिच्याभोवती माणसं दाटीनं बसलेली. हलगी वाजत होती. पैलवान लंगोट लावून कडेला ताटकळत उभे, कारण आधी आमचा कार्यक्रम. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे लवकर आटपा. माझंही तेच म्हणणं होतं. स्टेजवर अध्यक्ष, तात्या, सरपंच बाई, अण्णा आणि मी. मला डोक्याला भगवा फेटा बांधला होता, तो डाव्या कानावर घसरत होता. तात्यांनी भाषण केलं. चांगलं केलं, खोटं का बोलू? आमच्या मातीतली पोर सातासमुद्रापार गेली वगैरे. देशांची नावं त्यांनी बरोबर घेतली, फक्त सायप्रसच्या जागी सायबेरिया म्हणाले. मग म्हणाले, “आता तिनं लई खेळ खेळला. आता इसावा. बापाच्या हातनं शाल.”

अण्णा उठले. कमिटीच्या एका माणसानं शालीची घडी उलगडून त्यांच्या हातात दिली. ते माझ्यासमोर आले. मी पुढच्या माईककडं गेले आणि म्हणाले, “सगळ्यांचे आभार. पण एक चूक झालीय. मी निवृत्त झालेले नाही. सोमवारी मी खेळायला चाललेय. सत्कार पुढं कधीतरी करा. मी सांगेन तेव्हा.”

पैलवानांच्या बाजूनं कुणीतरी शिट्टी मारली. अध्यक्ष घड्याळात बघायला लागले. तात्या माझ्याजवळ आले आणि दात आवळून म्हणाले, “गप घे. चार मान्सांत शोभा करू नको. उलगडल्याली शाल परत घडी करत न्हाईत. कुनाच्या तरी खांद्यावं पडलीच पायजे.”

हे आमच्याकडं खरंच मानतात. सत्काराची शाल एकदा उलगडली की परत घडी घालून ठेवायची नाही, अशुभ. म्हणून तर स्टेजवर पाहुणा आला नसेल तर त्याच्या ड्रायव्हरला घालतात. मी म्हणाले, “मग ड्रायव्हरला घाला.” माझा आवाज माईकमध्ये गेला. लोक हसले. तात्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी चष्मा काढला.

अण्णा शाल धरून मध्ये उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. भीती वाटली, हो, वाटली. लाल कार्डाला नाही भ्यायले, ऑपरेशनला नाही भ्यायले, पण त्या क्षणी वाटलं, आता हे जर माझ्या खांद्यावर शाल ठेवायला पुढं आले तर मी काय करणार? तात्यांना नाही म्हणता येतं. यांना कसं म्हणायचं?

ते वळले. दोन पावलं टाकून तात्यांच्या समोर गेले आणि ती शाल तात्यांच्या खांद्यावर घातली. नीट घातली, पुढून सारखी केली. मग वाकून त्यांच्या पाया पडले.

“ही काय थट्टा लावलीय?” तात्या म्हणाले.

“थट्टा न्हाई, तात्या,” अण्णा म्हणाले. ते हळूच बोलले, पण माईक चालू होता, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. “तवा तुमी शाल घातली, म्या घेतली. महिन्याभरात सूज उतरली हुती. गुडघा ठनठनीत हुता. पन शाल घेतली हुती ना. चार मान्सांत घेतली हुती. मग परत खेळाया कुठल्या तोंडानं जायाचं?”

तात्यांनी शाल काढली नाही. अंगावर घेऊन तसेच खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. हलगीवाल्याला कोण काय बोललं कुणास ठाऊक, त्यानं एकदम हलगी घुमवली आणि पैलवान मातीत उतरले. माझा फेटा तोवर गळ्यात आला होता. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. बत्तीस वर्षांहून जास्त हा माणूस धडधाकट गुडघा घेऊन बागेत फिरला! आणि मी समजत होते की काढण्यासारखं काही नसेल.

त्या दिवसानंतर तात्या माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. सोमवारी पहाटे मात्र विमानतळावर सोडायला गाडी त्यांनीच पाठवली. सोबत निरोप होता, की सायबेरियात थंडी असते, स्वेटर ने.

सायप्रसच्या डॉक्टरनं गुडघा पिरगाळून बघितला, उड्या मारायला लावल्या, पायऱ्या चढवल्या आणि उतरवल्या. टिकला. पहिले काही सामने बाहेर बसवलं. मग एका सामन्याला आमची लेफ्ट बॅक आजारी पडली आणि कोच बाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, तू. क्लबचे सामने मोबाईलवर दिसतात. अण्णांना त्यांच्या भाच्यानं तो लावून दिला होता. माझा एकही सामना त्यांनी त्याआधी बघितलेला नव्हता.

आम्ही हरलो. दुसरा गोल माझ्या बाजूनं झाला. खोलीवर येऊन गुडघ्याला बर्फ लावून बसले, तोच फोन वाजला. मला वाटलं, आता म्हणतील बाळ, लागलं तर नाही ना.

“दुसऱ्या गोलला मागं का सरलीस?” अण्णा म्हणाले.

“अण्णा, ती किती फास्ट होती, बघितलं का?”

“फास्ट हुती तर हुती. ती यायच्या आधीच तू मागं सरलीस. तिथं हुबी ऱ्हायची हुतीस.”

मला असला राग आला! बरोबर बोलत होते म्हणून तर जास्तच आला. मी फोनवर ओरडले, “तिकडं पेरूच्या बागेत बसून बोलायला काय जातंय तुमचं? या की इथं आणि अडवून दाखवा तिला!”

“येतो की,” अण्णा म्हणाले. “माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?”